एप्रिल २००६ची प्रश्नावली आणि तरुणांची मिनिटं: मापनाचा एक प्रकरण अभ्यास

एप्रिल २००६मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ८०० पदवी विद्यार्थ्यांना एक ईमेल गेला. त्यांची नावं निबंधक कार्यालयाच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, काढली होती. ईमेलमध्ये अभ्यासाची थोडक्यात माहिती होती, गोपनीयतेची हमी होती, ऑनलाइन प्रश्नावलीचा दुवा होता. भाग घेणाऱ्याच्या कॅम्पसवरच्या खात्यात ५ डॉलर जमा होणार होते. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना दोनदा आठवण करून दिली गेली. शेवटी २८६ जणांनी प्रश्नावली पूर्ण केली, म्हणजे ३५.८ टक्के. निकोल एलिसन, चार्ल्स स्टाइनफिल्ड आणि क्लिफ लँप यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातली आठ प्रश्नांची ‘फेसबुक तीव्रता मापनश्रेणी’ पुढच्या काळात तरुणांचं सोशल मीडियाशी असलेलं नातं मोजण्यासाठी जगभर वापरली गेली.

या एका मापनश्रेणीचा २००६ ते २०२१ हा प्रवास नीट पाहिला, तर तरुणांचा सोशल मीडिया वापर मोजताना कुठं चुकतं आणि का चुकतं, हे जवळजवळ सगळं समोर येतं. मराठी महाविद्यालयांत लघुप्रबंधासाठी किंवा पीएच.डी.साठी असं मापन करायचं असेल, तर हे प्रकरण आधी वाचावं असं आमचं मत आहे, कारण यातल्या बहुतेक चुका टाळता येण्याजोग्या आहेत.

आठ प्रश्नांत नेमकं काय होतं

पहिल्या सहा प्रश्नांत विधानं होती आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण होते. आशय असा: फेसबुक माझ्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, मी फेसबुकवर आहे हे सांगायला मला अभिमान वाटतो, फेसबुक माझ्या दिनक्रमात बसलं आहे, बरेच दिवस फेसबुकवर लॉग-ऑन केलं नाही तर संपर्क तुटल्यासारखं वाटतं, मी फेसबुकच्या समुदायाचा भाग आहे असं वाटतं, फेसबुक बंद झालं तर मला वाईट वाटेल. सातवा प्रश्न फेसबुकवरच्या एकूण मित्रांचा. त्याला ‘१० किंवा कमी’साठी ० आणि ‘४००पेक्षा जास्त’साठी ८ गुण. आठवा प्रश्न गेल्या आठवड्यात रोज सरासरी किती मिनिटं फेसबुकवर घालवली याचा: १०पेक्षा कमी, १० ते ३०, ३१ ते ६०, १ ते २ तास, २ ते ३ तास, ३ तासांहून जास्त. याला ० ते ५ गुण.

सहा प्रश्न १ ते ५ मध्ये, एक ० ते ८ मध्ये, एक ० ते ५ मध्ये. यांची सरळ सरासरी काढता येत नाही. मूळ अभ्यासकांनी तशी काढलीही नव्हती. त्यांनी आधी प्रत्येक प्रश्नाचे गुण प्रमाणित केले, म्हणजे मिळालेल्या गुणातून त्या प्रश्नाची सरासरी वजा करून प्रमाण विचलनानं (उत्तरं सरासरीपासून साधारण किती पसरली आहेत याच्या मापानं) भागलं, आणि मग आठांची सरासरी घेतली. त्यांच्या नमुन्यात मित्रांच्या प्रश्नाची सरासरी ४.३९ आणि प्रमाण विचलन २.१२ होतं, मिनिटांच्या प्रश्नाची सरासरी १.०७ आणि प्रमाण विचलन १.१६. समजा एखाद्यानं ३०१ ते ४०० मित्र (७ गुण) आणि १ ते २ तास (३ गुण) असं उत्तर दिलं. त्याचा मित्रांचा प्रमाणित गुण (७ − ४.३९) ÷ २.१२ = १.२३, आणि मिनिटांचा (३ − १.०७) ÷ १.१६ = १.६६. मित्रांच्या संख्येत तो नमुन्याच्या बराच वर आहे, वेळेत त्याहूनही वर.

ही पायरी गाळली की मित्रांचा एकटा प्रश्न दोन विधानांइतका भारी होतो, कारण त्याचा पल्ला आठ घरांचा आणि विधानांचा चार घरांचा. दुसरी चूक जास्त फसवी आहे. दोन महाविद्यालयांची तुलना करायची असते आणि प्रमाणित गुण मात्र प्रत्येक महाविद्यालयाचे वेगवेगळे काढले जातात. असं केलं की दोन्हीकडची सरासरी शून्यच येणार. मग ‘दोन गटांत फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष छापला जातो. तो फरक आकडेमोडीनं पुसलेला असतो, विद्यार्थ्यांत तो आहे की नाही हे कुणी पाहिलेलंच नसतं. तुलना करायची तर दोन्ही गट एकत्र करून प्रमाणित करायचे. याच कारणानं कोल्हापुरातल्या नमुन्यातला ०.३ हा प्रमाणित गुण आणि मिशिगनच्या नमुन्यातला ०.३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मापनश्रेणीचा क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे तिचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा, जास्तीत जास्त १ होऊ शकणारा आकडा, ०.८३ होता. हा आकडा चांगला आहे, पण तो फक्त एवढंच सांगतो की आठही उत्तरं साधारण एका दिशेनं हलतात. ती कशाच्या दिशेनं हलतात, हे अल्फाला विचारून कळत नाही. या आठ प्रश्नांत खरं तर तीन मापं एकत्र बांधलेली आहेत: ओढ (सहा विधानं), जाळ्याचा आकार (मित्र) आणि वेळ (मिनिटं). ओढीच्या सहा विधानांतही एकजिनसीपणा नाही. ‘बंद झालं तर वाईट वाटेल’ याची सरासरी ३.४५ होती, सर्वांत जास्त. ‘संपर्क तुटल्यासारखं वाटतं’ याची २.२९, सर्वांत कमी. एखादी गोष्ट नाहीशी झाली तर हळहळ वाटणं आणि दोन दिवस ती न मिळाल्यानं कासावीस होणं, या दोन अवस्थांमधलं अंतर त्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. एकत्रित गुणात ते बुडून जातं.

ते फेसबुक वेगळं होतं

प्रश्नावली भरली गेली तो महिना महत्त्वाचा आहे. फेसबुक फेब्रुवारी २००४मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झालं होतं आणि २००६च्या एप्रिलपर्यंत ते मुख्यतः विद्यापीठाच्या ईमेल पत्त्यावर चालणारं कॅम्पसचं जाळं होतं. ‘न्यूज फीड’ आलं ५ सप्टेंबर २००६ला. १३ वर्षांवरच्या कुणालाही खातं उघडता यायला लागलं २६ सप्टेंबर २००६ला. पहिला आयफोन जून २००७चा आणि ‘लाइक’चं बटण फेब्रुवारी २००९चं.

म्हणजे ज्या विद्यार्थ्यांना ‘रोज किती मिनिटं’ असं विचारलं, त्यांचा वापर संगणकासमोर बसून, संकेतशब्द टाकून, एकेका मित्राचं पान उघडून होत असे. त्या वापराला सुरुवात होती आणि शेवटही होता. जेवण किंवा ग्रंथालयातली बैठक आठवावी तशी ती बैठक आठवता येत होती. सरासरी विद्यार्थ्यानं १० ते ३० मिनिटं आणि १५० ते २०० मित्र असं सांगितलं होतं. आज बसस्टॉपवर, लिफ्टमध्ये, दोन लेक्चरांच्या मधल्या दहा मिनिटांत फोन वर येतो आणि खाली जातो. ‘लॉग-ऑन केलं नाही तर’ हे विधान आजच्या विद्यार्थ्याला वाचायला दिलं, तर त्याला ते नीट लागतच नाही, कारण तो कधी लॉग-आउटच झालेला नसतो.

आणखी एक गाठ मूळ अभ्यासातच आहे. त्याचा मुख्य निष्कर्ष असा होता की फेसबुकची तीव्रता जास्त असलेल्यांचं सामाजिक भांडवल (ओळखीपाळखीतून मिळणारा आधार), विशेषतः ओळखीच्या सैल, दूरवरच्या धाग्यांचं भांडवल, जास्त असतं. आता मोजायची बाजू पाहा. तीव्रतेच्या श्रेणीत एक विधान: मी फेसबुकच्या समुदायाचा भाग आहे असं वाटतं. भांडवलाच्या श्रेणीत एक विधान: मी या विद्यापीठाच्या समुदायाचा भाग आहे असं वाटतं. ज्या फेसबुकवर तेव्हा मुख्यतः आपल्याच कॅम्पसची माणसं भेटत होती, तिथं या दोन वाक्यांचं उत्तर सारखं येणं अगदी साहजिक आहे. यानं निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण संबंधाचा काही हिस्सा शब्दसाम्यातून आलेला असू शकतो. ही श्रेणी उचलणाऱ्यानं आपल्या दुसऱ्या चलाच्या, म्हणजे जिच्याशी संबंध तपासायचा त्या गोष्टीच्या, प्रश्नावलीतली वाक्यं शेजारी ठेवून वाचावीत. जिथं वाक्य जवळजवळ तेच आहे, तिथं ते गाळून विश्लेषण पुन्हा करावं आणि दोन्ही आकडे द्यावेत.

२६ मिनिटं आणि १४५ मिनिटं

२०१३ साली रेनॉल जंको यांनी साधा पण कष्टाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संगणकांवर त्यांच्या संमतीनं वापराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं, आणि त्याच विद्यार्थ्यांना रोज किती वेळ फेसबुकवर जातो हेही विचारलं. विद्यार्थ्यांनी सांगितलेली सरासरी रोज १४५ मिनिटं. सॉफ्टवेअरनं नोंदलेली सरासरी २६ मिनिटं. साडेपाच पट फरक.

संगणकावरच्या सॉफ्टवेअरला खिशातल्या मोबाइलवरचा वापर दिसत नाही, त्यामुळे दरीचा काही भाग तिथून आलेला असू शकतो. तरीही या प्रयोगातून निघणारी सर्वांत उपयुक्त गोष्ट वेगळीच आहे. सांगितलेली आणि नोंदलेली मिनिटं यांच्यात सहसंबंध, म्हणजे एक वाढलं की दुसरंही वाढण्याचा कल, चांगला भक्कम होता. जास्त वापरणारे जास्तच सांगत होते, कमी वापरणारे कमीच. रांगेतला क्रम बऱ्यापैकी बरोबर, पण रांगेचा आकडा पार चुकलेला. म्हणून ‘सांगितलेला वेळ आणि नोंद यांत सहसंबंध आढळला, सबब प्रश्न सप्रमाण आहे (जे मोजायचं तेच मोजतो)’ असं लिहिणं अपुरं आहे. क्रम लावायचा असेल तर असा प्रश्न चालू शकतो. ‘विद्यार्थी रोज सरासरी इतकी मिनिटं घालवतात’ असं लिहायचं असेल तर चालत नाही.

आणखी एक बारकावा. नोंदीची सरासरी २६ आणि प्रमाण विचलन ३० होतं. जी राशी शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, तिचं प्रमाण विचलन सरासरीपेक्षा मोठं असेल, तर वितरण एका बाजूला लांब ओढलेलं आहे हे न बघताही सांगता येतं. बहुतेक जण थोडा वेळ वापरतात, काही थोडे खूप. अशा वेळी सरासरीबरोबर मध्यांक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यायलाच हवा, आणि पुढच्या विश्लेषणात मिनिटांत १ मिळवून लॉगरिदम घ्यावा. नाहीतर चार-पाच जण सगळा निकाल ओढून नेतात.

सात वर्षांनी सर्व्हरच्या नोंदींसमोर

२०२० साली याच प्रश्नाची फार मोठी तपासणी झाली आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत निकोल एलिसन स्वतः होत्या. ज्यांनी श्रेणी घडवली त्यांनीच तिच्यातला वेळेचा प्रश्न पुन्हा तपासायला घेणं ही संशोधनातली दुर्मीळ आणि आदर वाटावा अशी गोष्ट आहे. १५ देशांतल्या ४९,९३४ लोकांना वेळेचे आणि भेटींचे (फेसबुक किती वेळा उघडता याचे) दहा वेगवेगळे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरं फेसबुकच्या सर्व्हरवरच्या नोंदींशी ताडून पाहिली. लोकांनी वेळ वाढवून सांगितला. किती वेळा उघडतो, हे मात्र कमी सांगितलं. जास्त वापरणाऱ्यांची चूक जास्त होती. किशोरवयीन आणि तरुणांचीही जास्त होती.

शेवटच्या दोन वाक्यांवर थांबायला हवं. चूक सगळ्यांत सारखी विखुरलेली असती, तर मोठा नमुना घेऊन तिच्यावर थोडीफार मात करता आली असती. इथं चूक वयाशी आणि वापराच्या प्रमाणाशी बांधलेली आहे. म्हणजे ज्यांच्यावर सर्वांत जास्त अभ्यास होतात, त्या महाविद्यालयीन वयाच्या मुलामुलींच्याच उत्तरांवर सर्वांत कमी विसंबता येतं.

२०२१मध्ये सांगितलेला आणि नोंदलेला डिजिटल वापर यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सरासरी सहसंबंध ०.३८ निघाला (पूर्ण जुळलं असतं तर तो १ आला असता). त्याचा वर्ग केला तर सुमारे १४ टक्के, म्हणजे माणसामाणसांतला जो फरक नोंदीत दिसतो, त्यातला एवढाच भाग सांगितलेल्या आकड्यात उतरतो. ‘समस्याग्रस्त वापरा’च्या श्रेणींचा नोंदीशी सहसंबंध आणखी कमी, ०.२५. व्यसनाच्या श्रेणी वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नॉर्वेत २०१२ साली ४२३ विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून तयार झालेल्या, फेसबुकचं व्यसन मोजणाऱ्या बर्गन श्रेणीत सहा प्रश्न आहेत: मनात सतत तेच असणं, मूड बदलण्यासाठी वापरणं, प्रमाण वाढत जाणं, न मिळाल्यास अस्वस्थ होणं, इतर कामांवर परिणाम होणं आणि सोडायचा प्रयत्न फसणं. हे सगळे प्रश्न त्रासाबद्दलचे आहेत. त्या गुणांना ‘वापराचं प्रमाण’ म्हणणं म्हणजे पोटदुखी मोजून किती जेवलात ते सांगणं.

आठवण का चुकते

ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २३ तरुणांच्या फोनवर दोन आठवडे नोंद ठेवली होती. फोन दिवसाला सरासरी सुमारे ८५ वेळा वापरला जात होता. विचारल्यावर तेच तरुण सुमारे ३७ वेळा सांगत होते. निम्म्याहून जास्त वापर ३० सेकंदांपेक्षा कमी वेळाचे होते.

चूक इथंच होते. फोन उघडला, काही आलंय का पाहिलं, खिशात टाकला. ही कृती सवयीनं होते आणि तिची वेगळी आठवण तयार होत नाही. त्यामुळे ‘किती वेळा’चं उत्तर कमी येतं. ‘किती वेळ’ विचारलं की माणूस बेरीज करत नाही, तो स्वतःबद्दलचं मत सांगतो. ‘मी फारच असतो इन्स्टावर’ असं वाटणारा मोठा आकडा देतो. रात्री अंथरुणात झालेली एक लांब बैठक आठवते आणि तीच रोजची म्हणून सांगितली जाते.

मराठी विद्यार्थ्यांसमोर हीच श्रेणी ठेवायची तर

भाषांतर करून उलट भाषांतर घेणं, म्हणजे मराठीवरून दुसऱ्या व्यक्तीनं पुन्हा इंग्रजी करून पाहणं, ही पायरी सगळे करतात. ती पुरेशी नाही. उलट भाषांतरात ‘समुदाय’ नीट परत येतो, पण विद्यार्थी तो कसा वाचतो हे कळत नाही. आठ-दहा विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून, वाक्य मोठ्यानं वाचायला लावून, ‘यातून तुला काय समजलं?’ असं विचारावं लागतं. कुठं अडतं ते आधीच सांगता येईल.

‘समुदाय’ऐवजी सोपा शब्द म्हणून ‘समाज’ घातला, तर बऱ्याच मुलांच्या मनात जात किंवा ज्ञाती येते, कारण ‘आमच्या समाजात’ याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ तोच आहे. ‘इथल्या लोकांतला मी एक आहे असं वाटतं’ हे जास्त सुरक्षित. ‘बंद पडलं तर वाईट वाटेल’ हे वाचून मुलं सर्व्हर डाऊन झाल्याचा विचार करतात. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं, तसं काही. म्हणून ‘कायमचं बंद झालं तर’ असंच लिहावं. २९ जून २०२०ला भारतात टिकटॉकवर बंदी आली, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडच्या अनेक मुलांसाठी निव्वळ कल्पनेतला नाही, हेही उत्तर वाचताना लक्षात असावं. ‘अभिमान वाटतो’ हे विधान आमच्या मते गाळावं. इन्स्टाग्रामवर असणं ही आज सांगायची गोष्टच राहिलेली नाही. ते गाळल्याचं अहवालात नोंदवावं आणि अल्फा नव्यानं काढावा.

‘सहमत, असहमत’ ही छापील भाषा. ‘पूर्ण पटतं, पटतं, सांगता येत नाही, पटत नाही, अजिबात पटत नाही’ ही उत्तरं विद्यार्थी न अडखळता देतात.

२०२०च्या तपासणीनंतर वेळेच्या प्रश्नात ‘सक्रियपणे वापरता’ या अर्थाचा शब्द सुचवला गेला, म्हणजे ॲप नुसतं मागं उघडं असल्याचा वेळ धरला जाऊ नये. मराठीत तो जसाच्या तसा आणला तर घोटाळा होतो. ‘इन्स्टावर ॲक्टिव्ह असणं’ म्हणजे आपल्याकडे पोस्ट टाकणं, स्टोरी टाकणं, ऑनलाइन दिसणं. नुसत्या रील्स पाहणारी मुलगी ‘मी ॲक्टिव्ह नसते’ असं मनापासून सांगेल आणि दोन तासांच्या जागी दहा मिनिटं लिहील. त्याऐवजी असा प्रश्न घ्यावा: ‘आजचा दिवस सोडून, गेल्या ७ दिवसांत तुम्ही रोज सरासरी साधारण किती मिनिटं इन्स्टाग्राम उघडून स्क्रीनकडे बघत होतात?’ नुसतं ‘गेल्या आठवड्यात’ लिहिलं की कुणी मागचा सोमवार ते रविवार धरतो, कुणी मागचे सात दिवस.

पर्यायांतही दोन दुरुस्त्या हव्यात. ‘१ ते २ तास’ आणि ‘२ ते ३ तास’ यांत बरोबर २ तासवाला कुठं जाणार? ‘१ तासाहून जास्त ते २ तासांपर्यंत’ असं लिहावं. आणि शेवटचा पर्याय ‘३ तासांहून जास्त’ ठेवला तर आज बरीच उत्तरं तिथंच गोळा होऊन फरक दिसेनासा होण्याचा धोका आहे. वर ३ ते ४, ४ ते ५, ५हून जास्त असे पर्याय द्यावेत. जुन्या अभ्यासाशी तुलना करताना ते पुन्हा एकत्र करता येतात.

नुसतं ‘सोशल मीडिया’ विचारू नये. व्हॉट्सॲप यात येतं का? यूट्यूब शॉर्ट्स? एकाच बाकावरच्या दोन मुलांचं उत्तर वेगळं येईल. प्रत्येक ॲपचं नाव घेऊन वेगळी ओळ द्यावी. मित्रसंख्येचा प्रश्न इन्स्टाग्रामला लावताच येत नाही, कारण तिथं फॉलोअर्स आणि फॉलोइंग असे दोन आकडे आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. व्हॉट्सॲपवर तर तसा आकडाच नाही. ‘फेसबुक’च्या जागी ‘इन्स्टाग्राम’ लिहून आठही प्रश्न जसेच्या तसे वापरले की सातवा प्रश्न काय मोजतो हे कुणालाच सांगता येत नाही.

फोनमधली नोंद मिळवणं

नोंदीशिवाय मिनिटं छापू नयेत, असं आम्ही ठामपणे म्हणतो. त्यासाठी वेगळं ॲप बनवायची गरज बहुतेक वेळा नसते. ॲंड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ २०१८पासून आहे. विद्यार्थ्यानं त्याचा स्क्रीनशॉट द्यायचा. क्रम मात्र काटेकोर पाळायचा: आधी प्रश्नावली, नंतर स्क्रीनशॉट. उलट केलं की मुलं फोनवरचा आकडाच उत्तरात लिहितात आणि आठवण तपासायची संधी जाते.

आयफोनवर चालू आठवडा अपुरा असतो, म्हणून मागचा पूर्ण आठवडा सरकवून घ्यायला सांगावं. ॲंड्रॉइड प्रत्येक ॲप ‘किती वेळा उघडलं’ हे दाखवतं. आयफोन मुख्यतः फोन किती वेळा उचलला हे दाखवतो. हे दोन आकडे एका रकान्यात टाकू नयेत. मिनिटांची तुलना चालेल, ‘किती वेळा’ची नाही.

नोंदही चुकते आणि तिच्या चुका आधी माहीत असाव्यात. ब्राउझरमधून उघडलेलं इन्स्टाग्राम क्रोमच्या नावावर जातं. एकाच फोनवर ॲपची दुसरी प्रत असेल तर ती वेगळी मोजली जाते किंवा मोजलीच जात नाही. स्क्रीन चालू ठेवून मुलगा चहा घ्यायला गेला तरी मिनिटं पळत राहतात. घरात बहीणभाऊ किंवा आई तोच फोन वापरत असतील, तर ती नोंद एका माणसाची राहत नाही. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात हा प्रश्न वगळून चालणारच नाही: ‘हा फोन तुमच्याशिवाय कोण वापरतं?’ लॅपटॉपवरचा वापर यात सहसा येत नाही. जंको यांच्या प्रयोगात संगणक दिसत होता आणि मोबाइल निसटत होता. इथं नेमकं उलट.

स्वतंत्र नोंद-ॲप वापरायचं ठरलं, तर ॲंड्रॉइडमध्ये वापराची माहिती वाचण्याची परवानगी विद्यार्थ्याला सेटिंग्जमध्ये जाऊन हातानं द्यावी लागते आणि बारीक नोंदी फोन काही दिवसच जपून ठेवतो. बॅटरी वाचवण्यासाठी मागची ॲप्स बंद करणाऱ्या फोनांवर नोंद मधेच तुटते. रोज रात्री माहिती उतरवून घेतली नाही तर दोन आठवड्यांनी हाती भोकं पडलेली यादी येते. ‘किती वेळा’ मोजताना जोडणीचा नियम आधीच लिहून ठेवावा: ॲप बंद करून ३० सेकंदांच्या आत पुन्हा उघडलं तर ती एकच भेट की दोन? हा नियम बदलला की आकडा बदलतो. निकाल पाहून नियम ठरवणं चूक आहे.

काळ निवडताना परीक्षेचा आठवडा, गणपतीचे दहा दिवस आणि निकालाचा आठवडा टाळावा, किंवा मुद्दाम त्यांचाच अभ्यास करायचा असेल तर तसं नावात लिहावं. किमान दोन आठवडे घ्यावेत, म्हणजे दोन शनिवार-रविवार येतात.

संमती

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी बरीच मुलं १७ वर्षांची असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्ती बालकच आहे. त्यामुळे ‘सगळे कॉलेजचे आहेत म्हणजे सज्ञान’ असं धरू नये. जन्मतारीख विचारून १८ पूर्ण नसलेल्यांना एकतर वगळावं, नाहीतर पालकांची संमती आणि विद्यार्थ्याची स्वतःची तयारी, दोन्ही घ्यावं. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता माहिती गोळा करण्याआधी हवी. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीच वर्गात फॉर्म वाटले तर मुलांना नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या विभागातल्या व्यक्तीनं वाटावेत, आणि भाग घेण्याचा हजेरीशी वा अंतर्गत गुणांशी संबंध नाही हे छापून द्यावं. स्क्रीनशॉटवर इतर ॲप्सची नावंही येतात, त्यात डेटिंगचं किंवा औषधोपचाराचं ॲप असू शकतं. लागणाऱ्या ओळी उतरवून घेतल्या की चित्र त्याच दिवशी पुसावं, आणि तसं पुसणार हे संमतिपत्रात आधीच लिहावं.

आकडे मांडताना

ओढीच्या विधानांचा गुण, नोंदीतली मिनिटं, नोंदीतल्या भेटी आणि वापराचा प्रकार (पाहणं, टाकणं, खासगी बोलणं) हे चार रकाने वेगळे ठेवावेत. त्यांची बेरीज करून एक ‘सहभाग गुणांक’ काढू नये. सांगितलेली आणि नोंदलेली मिनिटं ताडताना प्रत्येक विद्यार्थ्याचा फरक काढावा, तो दोन्हींच्या सरासरीसमोर आलेखावर मांडावा, आणि फरकाची सरासरी व तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण विचलनाच्या रेषा दाखवाव्यात. वापर वाढेल तसे ठिपके पसरत गेले, तर जास्त वापरणाऱ्यांची चूक जास्त हे तिथंच डोळ्यांना दिसतं. सहसंबंधाचा एकटा आकडा हे दाखवत नाही.

काही उत्तरं अजिबात जुळणार नाहीत. कुणी १० मिनिटांपेक्षा कमी लिहिलेलं असेल आणि फोन तीन तास दाखवत असेल. अशी नोंद लगेच काढून टाकू नये. फोन सामायिक आहे का, ब्राउझर किंवा दुसरी प्रत आहे का, प्रश्नातलं ‘बघत होतात’ त्यानं कसं वाचलं, हे विचारून घ्यावं. उत्तर मिळालं नाही तर नोंद ठेवावी, तिच्यावर खूण करावी, आणि निकाल तिच्यासह एकदा व तिच्याविना एकदा असा दोनदा द्यावा. किती जणांनी स्क्रीनशॉट दिलाच नाही हेही त्याच तक्त्याखाली लिहावं, आणि ओढीच्या गुणात ते इतरांपेक्षा वेगळे होते का हेही.